एवढ्याशा फळयेर माणूस तरंगतलो कसो?

नारळी पौर्णिमा होऊन तीन आठवडे झाले होते. तारकर्लीच्या पुळणीवर सकाळची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती आणि रापणीतले एक आबा ओला दोर गुंडाळत बसले होते. माझ्या काखेत नुकताच घेतलेला सर्फबोर्ड होता, पाच फूट दहा इंचांचा. त्यांनी तो वाळूवर ठेवायला लावला, कडेची जाडी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "एवढ्याशा फळयेर माणूस तरंगतलो कसो गो?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याआधी दीड वर्ष मी आठ फुटी सॉफ्टटॉपवर, म्हणजे वरून मऊ फोम असलेल्या शिकाऊ बोर्डवर, सर्फिंग करत होते. न फुटलेली लाट कुणी मागून न ढकलता पकडता येत होती, उभं राहून डावीकडे-उजवीकडे जाता येत होतं. आता लहान बोर्ड घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. एक जुना बोर्ड स्वस्तात मिळाला, घेतला. तो उरलेला सप्टेंबर आणि सगळा ऑक्टोबर मी लाटांच्या मागेच राहिले. खांदे भरून येईपर्यंत हात मारायचे, आणि लाट अंगाखालून निघून जायची. आपल्या किनाऱ्यावरचे वर्षातले सगळ्यात चांगले सहा आठवडे असे गेले.

आबांचा प्रश्न अगदी नेमका होता. हा लेख त्याच्या उत्तरासाठी आहे. आठ-नऊ फुटी बोर्डवर हात बसलाय आणि आता लहान बोर्डची ओढ लागलीय, अशांनी पैसे मोजण्याआधी तो वाचावा.

लिटरचा हिशेब

बऱ्याच बोर्डवर चार आकडे लिहिलेले असतात: लांबी, रुंदी, जाडी आणि लिटर. आपण पहिला आकडा बघतो, कारण गप्पांमध्ये तोच येतो. "सहा-दोन चालवतो", "सात फुटी आहे". पण बोर्ड तुम्हाला उचलणार की नाही, ते चौथा आकडा सांगतो.

शाळेतला आर्किमिडीज इथे उपयोगी पडतो. बोर्ड पूर्ण पाण्यात दाबला तर तो जेवढं पाणी बाजूला सारेल, तेवढे त्याचे लिटर. आणि बाजूला सारलेल्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढा वर ढकलणारा जोर. गोड्या पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, समुद्राचं पाणी जरासं जड, एक किलो पंचवीस ग्रॅमच्या आसपास. ढोबळ हिशेबाला लिटरमागे एक किलो धरा.

माझं वजन ६२ किलो. माझा आठ फुटी सॉफ्टटॉप साधारण ७० लिटरचा, त्याचं स्वतःचं वजन ५ किलो. ६२ आणि ५ मिळून ६७. म्हणजे तो बोर्ड एकटा मला पूर्ण उचलतो. त्यावर पालथं पडलं की छाती कोरडी राहते, पोट कोरडं राहतं, पाण्यात फक्त हात.

तो पाच-दहाचा बोर्ड २६ लिटरचा होता. वजन अडीच किलो. आता साधारण ६४ किलोंपैकी २६ किलो बोर्डने उचलले, उरलेले ३८ कोण उचलणार? माझं शरीरच. माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते, त्यामुळे ३८ किलोंचा जोर मिळवायला शरीराचा तेवढाच भाग, म्हणजे निम्म्याहून जास्त, पाण्याखाली जावा लागतो. मी त्यावर झोपले की बोर्ड दिसेनासा व्हायचा आणि पाणी छातीच्या वर यायचं. हात मारताना मी बोर्ड पुढे नेत नव्हते, स्वतःची छाती आणि मांड्या पाण्यातून ओढत होते. सहा आठवडे खांदे का दुखले, त्याचं उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

मग किती लिटर घ्यावेत? शिकाऊ माणसाला आपल्या वजनाच्या किलोंइतके किंवा थोडे जास्त. रोज पाण्यात असणारे, वर्षानुवर्षं मुरलेले सर्फर वजनाच्या चार दशांशाच्या आसपास उतरतात, आणि स्पर्धांमधले व्यावसायिक एक तृतीयांशापर्यंत. मधल्या पायरीवरच्या माणसाने पहिल्या बदलात वजनाच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर थांबावं, नीट जमल्यावर निम्म्याकडे जावं, असं माझं ठाम मत आहे. माझ्यासाठी हे ४५ लिटर होतात. मी २६ घेतला होता, म्हणजे मधली कितीतरी वर्षं एका खरेदीत ओलांडायला निघाले होते. फक्त शनिवार-रविवार पाण्यात उतरणाऱ्याने आणखी चार-पाच लिटर वाढवून घ्यावेत. चाळिशी उलटलेल्यांनीही घ्यावेत. त्यात कमीपणा नाही.

एक सूचना. लांबी, रुंदी आणि जाडी नुसती गुणून लिटर येत नाहीत, कारण बोर्ड दोन्ही टोकांना निमुळता आणि कडांना पातळ असतो. तिन्ही आकडे इंचात गुणायचे, १००० घनइंचाला १६.४ लिटर या हिशेबाने बदलायचे आणि त्याचे साधारण ५५ टक्के धरायचे. जुन्या बोर्डवर लिटर लिहिलेले नसतील तर हा अंदाज पुरतो.

लांबी म्हणजे पळ

लिटर सारखेच असलेले दोन बोर्ड घ्या, एक लांब आणि निमुळता, दुसरा आखूड आणि रुंद. दोघेही तुम्हाला सारखंच उचलतील. पण हात मारताना लांब बोर्ड सरकत राहतो आणि आखूड अडखळतो. का?

रापणीची लांब होडी आणि उलांडीची, म्हणजे बाजूला तोल सांभाळणारं लाकूड जोडलेली, छोटी होडी शेजारी चालताना पाहिली असेल तर हे लगेच कळेल. वल्हं थांबलं तरी लांब होडी पुढे जात राहते. पाण्यातून हळू चालणारी कुठलीही वस्तू आपल्या पुढ्यात एक लाट उभी करते, आणि वेग वाढला की ती लाट लांब होते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली जाते आणि आपल्याच लाटेचा चढ चढत बसते. तिथून पुढे वेग वाढवायला फार ताकद लागते. ही मर्यादा लांबीच्या वर्गमुळावर ठरते. नऊ फुटांना ती ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास येते, सहा फुटांना सहाच्या आसपास. दीड किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पाण्यात तो लाट मिळणं आणि न मिळणं यातला फरक असतो.

कारण आता लाटेचा वेग बघा. उथळ पाण्यात लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो, आणि लाट फुटते ती साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत. कमरेएवढी, म्हणजे तीन फुटी लाट धरली तर ती सव्वा मीटरहून थोड्या कमी पाण्यात फुटते, आणि तिथे तिचा वेग ताशी १२ किलोमीटर असतो. आपण हात मारून पाच-सहा किलोमीटर गाठतो. म्हणजे हात मारून लाटेचा वेग कुणालाच गाठता येत नाही, जगज्जेत्यालाही नाही. उरलेला वेग लाटेच्या उतारावरून घसरून मिळतो.

सगळी गोम या उतारात आहे. लांब बोर्ड आधीच बऱ्यापैकी वेगात असतो आणि पाण्याचा त्याला अडथळा कमी, म्हणून लाटेची पाठ जराशी उचलली की तो घसरू लागतो. लाट अजून फुटायला वेळ असतो, तोवर तुम्ही सावकाश उभे राहता. लहान बोर्डला तेवढा उतार पुरत नाही. त्याला लाट जवळजवळ उभी व्हावी लागते. आणि लाट उभी झाली याचा अर्थ ती आता फुटणार.

मी त्या सहा आठवड्यांत जी चूक केली ती हीच. आठ फुटी बोर्डवर जिथे बसायचे, तिथेच मी पाच-दहा घेऊन बसत होते. लाट तिथे माझ्यासाठी पुरेशी उभी होतच नव्हती. जिथे ती उभी होत होती ती जागा किनाऱ्याकडे सात-आठ पावलं आत होती, आणि तिथे बसायची मला भीती वाटत होती, कारण तिथे लाट डोक्यावर फुटते. भीती खोटी नव्हती. पण लहान बोर्ड घ्यायचा तर तिथेच बसावं लागतं. बोर्डचे फूट कमी झाले की तुमची समुद्रातली जागा बदलते आणि उभं राहायला मिळणारा वेळ अर्ध्यावर येतो. दोन श्वासांचं काम एका श्वासात करायचं असतं. दुकानात कुणी हे सांगत नाही.

भाकऱ्या

अजून आबांचं उत्तर पूर्ण झालेलं नाही. २६ लिटरचा बोर्ड मला झोपल्यावर सुद्धा उचलत नाही, तर उभं राहिल्यावर कसा उचलतो? चांगला सर्फर त्याच बोर्डवर घोट्यापर्यंत कोरडा उभा असतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी खाडीच्या पाण्यावर भाकऱ्या काढल्या आहेत. चपटा दगड तोच, पाणी तेच. अलगद सोडला तर सरळ तळाशी जातो. आडवा, जोरात भिरकावला तर पाण्यावर टप्पे घेत जातो. दगड तरंगत नसतो. त्याचा वेग आणि किंचित वर उचललेली पुढची कड पाण्याला खाली दाबते, आणि पाणी उलट त्याला वर ढकलतं. बोर्ड लाटेच्या उतारावर वेगात आला की हेच होतं. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की उचल चौपट. लिटरचा हिशेब तेव्हा मागे पडतो आणि वेगाचा सुरू होतो.

म्हणून लहान बोर्ड हा तरंगण्यापेक्षा पळण्यावर जगतो. दगडाचा वेग संपला की तो बुडतो, तसाच हाही. मोठ्या बोर्डवर लाट मध्येच मंदावली तरी आपण उभे राहतो, फळी सावकाश पुढे जात राहते. लहान बोर्डवर लाटेच्या सपाट खांद्याकडे गेलात की वेग गेला, वेग गेला की मागचा पाय पाण्यात रुतला, आणि लाट पुढे निघून गेली. त्यामुळे लाटेचा जो कोपरा फुटत येतोय त्याच्या जवळ, जिथे उतार सगळ्यात तीव्र आहे तिथे, सतत राहावं लागतं. पुढे पळालात तर वळून परत त्या कोपऱ्याकडे यावं लागतं. व्हिडिओत सर्फर इतकी वळणं घेताना दिसतात त्यात देखणेपणा आहेच, पण पहिलं कारण वेग टिकवण्याचं असतं.

बाक, कडा आणि फिन

बोर्ड बाजूने, डोळ्याच्या पातळीवर धरून बघा. नोजपासून टेलपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, तो केळ्यासारखा थोडा वाकलेला दिसेल. याला रॉकर म्हणतात, आणि लिटरनंतर मी सगळ्यात आधी हाच बघते. बाक जास्त असेल तर उभ्या लाटेवरून उतरताना नोज पाण्यात खुपसत नाही आणि वळण छोट्या जागेत घेता येतं. पण सपाट, मंद लाटेवर तोच बाक पुढचं पाणी ढकलत बसतो आणि वेग खातो. बाक कमी असलेला बोर्ड मंद लाटेतही सरकतो. आपल्या किनाऱ्याला हाच लागतो.

लहान मुलं जे बोर्ड बघून हट्ट धरतात ते वेगळ्या पाण्यासाठी बनलेले असतात. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते टोकियोच्या वेळी, २०२१ मध्ये जपानच्या त्सुरिगासाकी किनाऱ्यावर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग तर ताहितीमधल्या तेआहुपो इथे झालं. तेआहुपोला खोल समुद्रातून आलेली लाट एकदम प्रवाळाच्या उथळ भिंतीला आपटते आणि जागच्या जागी उभी राहते. तिथे पातळ, टोकदार, भरपूर बाक असलेला बोर्ड लागतो. तारकर्ली, आचरा, भाट्ये, गुहागर या आपल्या किनाऱ्यांना वाळूचा लांब, मंद उतार आहे. लाट दुरूनच तळाला घासू लागते, तिची ताकद हळूहळू उतरते, आणि ती वरच्या कडेने फेसाळत फुटते. तिथे तेआहुपोचा बोर्ड घेऊन जाणं म्हणजे भातखाचरात शर्यतीचा घोडा उतरवणं.

यावर उपाय फार जुना आहे. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिस नावाच्या तरुणाने गुडघ्यावर बसून चालवायला एक आखूड, रुंद, सपाट, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं टेल असलेला बोर्ड बनवला. त्याला फिशच म्हणतात. लांबी कमी, पण रुंदी आणि सपाट तळामुळे मंद लाटेतही वेग मिळतो. पुढे उभं राहणाऱ्यांनी तो उचलला. हात बसल्यावर सहा फुटांच्या आसपास जायचं असेल तर आपल्याकडे मी फिशच सुचवीन. त्याच्या आधीच्या पायरीला सात ते साडेसात फुटी, रुंद नोजचा, मिडलेंग्थ म्हणतात तो.

कडांबद्दल थोडक्यात: जाड, गोल कड चुका सांभाळून घेते, पातळ कड पाण्यात चावते आणि चुकीला लगेच पाडते. पहिल्या बदलात जाड कडच बरी. फिनचंही, म्हणजे टेलच्या खाली बसवलेल्या पात्यांचंही, तसंच. बहुतेक बोर्डना आज तीन फिन असतात, ही रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० च्या सुमाराला रूढ केली. फिन नसेल तर वळताना बोर्डचं टेल बाजूला घसरतं. तीन फिनचा संच घ्या आणि वर्षभर त्याचा विचार करू नका.

आपला समुद्र, आपलं वेळापत्रक

बोर्ड कधी बदलायचा हे तुमच्या कौशल्याइतकंच महिन्यावर ठरतं, आणि कोकणात तर फारच.

जून-जुलैचा समुद्र सोडून द्या. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. ती माशांच्या विणीच्या हंगामासाठीही आहे आणि त्या समुद्रात माणसं जाऊ नयेत म्हणूनही. जिथे पिढीजात दर्यावर्दी होडी ओढून ठेवतो तिथे आपण फळी घेऊन जाऊ नये. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळू लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लाटेत अजून जोर असतो आणि वारा पडलेला असतो. लहान बोर्ड शिकायचा काळ हा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बहुतेक दिवस गुडघ्याएवढ्या लाटांचा, त्यात लहान बोर्ड नुसता छळतो. मार्चअखेरपासून मेपर्यंत पुन्हा अधूनमधून जोरदार दिवस येतात. या लाटा इथे जन्मत नाहीत. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत त्या तयार होतात आणि सहा-सात हजार किलोमीटर चालत पाच-सहा दिवसांनी आपल्याकडे पोचतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्यांचा अंदाज देते. केरळात या उधाणाला 'कल्लकडल' म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. दोन लाटांमधलं अंतर पंधरा सेकंदांच्या वर सांगितलं असेल तर किनाऱ्यावर शांत वाटत असतानाही अचानक मोठ्या लाटांचा गट येतो, हे डोक्यात ठेवूनच उतरा.

दिवसातली वेळ भूगोलाच्या पुस्तकातून मिळते. पहाटे जमीन थंड असते म्हणून मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते लाटेच्या तोंडावर येतात, तिला थोपवून धरतात, तिचा उतार नितळ आणि उभा ठेवतात. लहान बोर्डला जो उभा उतार हवा असतो, तो आपल्या मंद किनाऱ्यावर मुख्यतः या वाऱ्यामुळे मिळतो. दहा-अकरानंतर खारे वारे सुटले की लाट चुरगळते.

भरतीसाठी मी कोळ्यांचा हिशेब वापरते. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चालतं. पौर्णिमा-अमावस्येच्या दिवसांत पहाटे पूर्ण ओहोटी असते आणि सात ते नऊ पाणी चढत असतं. चढतं, अर्ध्यावर आलेलं पाणी आणि त्यावर मतलई, ही जोडी माझ्या किनाऱ्यावर लहान बोर्डला सगळ्यात चांगली लाट देते. उधाणाच्या दिवसांत पाणी झपाट्याने चढतं, त्यामुळे ही वेळ तास-दीड तासच टिकते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी संथ हलतं, पण पहाटेच भरती असते आणि लाट किनाऱ्याला चिकटून फुटते. तुमच्या किनाऱ्याची वाळू वेगळी बसलेली असेल. एक महिना वहीत तिथी, वेळ आणि लाट लिहून ठेवा, ती वही बोर्डपेक्षा जास्त शिकवते.

खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाट छान उभी राहते, म्हणून तिकडे पाय ओढतात. ओहोटीला तिथलं सगळं पाणी समुद्राकडे ओढलं जातं. देवबागच्या संगमाकडे मी ओहोटीत कधी जात नाही. आणि आधीची वजाबाकी आठवा: ७० लिटरचा बोर्ड दमलेल्या माणसाला पूर्ण उचलून धरतो, २६ लिटरचा धरत नाही. जीवरक्षक प्रत्येक किनाऱ्यावर नसतात. लहान बोर्डवर एकट्याने उतरू नका.

तयारी झाली का?

जुन्या बोर्डवर दहा लाटांच्या मागे लागलात आणि सात-आठ मिळाल्या, उभं राहताना बोर्ड सरळ किनाऱ्याकडे न जाता आधीच तिरका वळलेला असतो, आणि दोन्ही बाजूंना जाता येतं. एवढं असेल तर हो. फेसात उभं राहता येतं म्हणून बोर्ड बदलू नये, फेस कुणालाही ढकलतो.

पण त्याहून खात्रीची खूण पायांत आहे. मोठ्या बोर्डवर आपण साधारण मधोमध उभे राहतो आणि वेग हवा तर एक पाऊल पुढे, वळायचं तर एक पाऊल मागे सरकतो. लहान बोर्डवर पावलं टाकायला जागाच नसते. मागचा पाय थेट फिनच्या वर पडला पाहिजे आणि मग फक्त वजन हलवायचं: पुढच्या पायावर दिलं की पळतो, मागच्यावर दिलं की वळतो. मी दुसऱ्या वर्षी घराच्या अंगणात खडूने सात फुटी बोर्ड आखला, फिनच्या जागी फुली मारली आणि रोज सकाळी वीस वेळा पालथ्यातून उठायचा सराव केला. पहिल्या आठवड्यात मागचा पाय फुलीच्या वीतभर पुढे पडायचा, दर वेळी. गुडघा आधी टेकायची सवयही तिथेच दिसली. मोठ्या बोर्डवर ती खपून जाते, लहान बोर्डवर गुडघा टेकेपर्यंत लाट फुटलेली असते. फुलीवर पाय पडायला महिना लागला. मग पाण्यात पहिल्याच सकाळी पडला.

झोपायच्या जागेत बोटभर फरकही महत्त्वाचा. नोज पाण्याच्या वर दोन बोटं असावं. जास्त वर असेल तर मागे सरकला आहात आणि बोर्ड ब्रेक लावतोय, पाण्याखाली असेल तर उतारावर तोंडावर पडाल. जागा सापडली की हनुवटी जिथे येते तिथे वॅक्सची, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावतात त्या मेणाची, छोटी खूण करून ठेवा.

एका गोष्टीत मात्र लहान बोर्ड पहिल्या दिवसापासून सोपा असतो. आत जाताना मोठा बोर्ड लाटेखाली दाबता येत नाही, त्याला धरून उलटं व्हावं लागतं. लहान बोर्डचं नोज दोन्ही हातांनी दाबून, टेलवर गुडघा रेटून लाटेच्या खालून निघता येतं. इथे कमी लिटर उपयोगी पडतात.

घेताना

आठवरून सहावर उडी मारू नका. आठवरून सात-सव्वासात, तिथे दोन हंगाम, मग साडेसहा. लांबी उतरवताना रुंदी आणि जाडी राखा. सात फूट लांब, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, म्हणजे ४५ लिटरच्या आसपास: आज माझ्याकडे हा आहे. शक्य असेल तर कुणाचा तरी मागून चार सकाळी चालवा आणि मग ठरवा. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, बोर्डच्या लांबीएवढीच घ्या, आठ फुटीची जुनी लीश लहान बोर्डमागे नुसती ओढत राहते.

जुना घेताना हाताने सगळीकडे दाबून बघा. कुठे पिचकत असेल तर आत पाणी गेलंय किंवा वरचा थर सुटलाय. उन्हात गाडीत ठेवलेल्या बोर्डचं हे नेहमीचं दुखणं, आणि आपल्याकडचं एप्रिलचं ऊन त्याला पुरून उरतं.

डागडुजी इथे सोपी आहे, कारण मासेमारीच्या होड्या आता बहुतेक फायबरच्या असतात आणि फायबर भरणारा कारागीर गावागावात मिळतो. फक्त त्याच्याकडे जाण्याआधी बोर्डचा गाभा कशाचा आहे ते नक्की करा. पॉलियुरेथेनचा असेल तर होडीला लावतात ते पॉलिएस्टर रेझिन चालतं. थर्माकोलसारख्या ईपीएसचा असेल तर त्या रेझिनमधल्या स्टायरीनने आतला गाभा विरघळतो, बोटभर भेगेची जागा मूठभर पोकळी घेते. ईपीएसला एपॉक्सीच लागतं.

आणि जुना मोठा बोर्ड विकू नका. माझा आठ फुटी पडवीत वाशांना दोन दोर बांधून आडवा ठेवलाय, उन्हापासून लांब. डिसेंबर-जानेवारीत गुडघ्याएवढी लाट असते, सकाळी पाणी आरशासारखं असतं, तेव्हा तोच निघतो. भाचरांना पहिल्यांदा उभं करायला तोच लागतो, आणि रापणीतल्या आबांची नात मागच्या नाताळच्या सुट्टीत त्याच्यावरच शिकली.